राक्षसाचा प्रवेश आणि सासूबाईंचं विमान

पत्र थोडक्यात : पत्रलेखिका चौतिशीच्या, मूळच्या सांगलीच्या. कॉलेजात असताना एकांकिका स्पर्धांमध्ये अभिनयाची बक्षिसं मिळवलेल्या. नवऱ्याच्या नोकरीमागे अमेरिकेत गेल्या, बरीच वर्षं घरी बसून काढली आणि आता कुठे हातात कामाचा परवाना आला. यंदा फ्लोरिडातल्या एका थीम पार्कच्या हॅलोविन कार्यक्रमासाठी त्यांनी ऑडिशन दिली आणि स्केअर अ‍ॅक्टर म्हणून निवड झाली. आठवड्यातल्या चार रात्री त्या एका भुताटकीच्या घरात भिंतीतल्या झडपेमागे उभ्या असतात आणि दर दहा-बारा सेकंदांनी समोर येणाऱ्या माणसांना दचकवतात. नवरा म्हणतो, ‘यासाठी नाटकं केली होतीस का?’ सांगलीला सासू-सासऱ्यांना सांगितलंय की हॉटेलात रिसेप्शनवर रात्रपाळी आहे. ते दोघं पुढच्या आठवड्यात यायचे आहेत. मंडळाने दिवाळीच्या एकांकिकेचं दिग्दर्शन गळ्यात घातलंय. आवाज बसलाय, गुडघा धरलाय, आणि मागच्या शनिवारी एका प्यायलेल्या माणसाने तोंडावर फटका मारला. त्या विचारतात, ‘हा अभिनय तरी आहे का? लोक किंचाळतात तेव्हा मजा येते आणि घरी येताना अपराधी वाटतं. हंगामाचे तीन आठवडे उरलेत. आत्ताच सोडू की पुरं करू?’

आधी त्या फटक्याबद्दल. एवढ्या लांबलचक पत्रात तुम्ही त्याला अर्धी ओळ दिलीत, आणि अजून विमानातही न बसलेल्या सासूबाईंना दीड पान. मी असते तर हे प्रमाण उलटं ठेवलं असतं. तुम्ही तो प्रकार कोणाला सांगितला की नाही, हे पत्रात नाही. म्हणजे बहुधा सांगितलेला नाही. का, तेही ओळखू शकते. नवीन आहोत, त्यात बाहेरच्या, तक्रार केली तर ‘हिला झेपत नाही’ म्हणतील.

तसं होत नसतं. दचकलेल्या माणसाचा हात आपसूक उठतो, त्यात पोटात दारू असली की उठलेला हात थांबत नाही, हे या कामातल्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणून तर मोठ्या पार्कांमध्ये आत सुरक्षारक्षक असतात आणि त्यांना बोलवायच्या खुणा ठरलेल्या असतात. तुम्ही पाहुण्याला हात लावायचा नाही, तसाच त्यानेही तुम्हाला लावायचा नाही. तुम्ही गप्प राहिलात तर ती जागा मार लागणारी आहे हे तुमच्या लीडला, म्हणजे तुमच्या तुकडीच्या प्रमुखाला, कळायचं कसं? आणि पुढच्या वर्षी त्याच झडपेमागे एखादी एकोणीस वर्षांची पोर उभी असेल. फ्लोरिडात कामावर झालेली दुखापत मालकाला ३० दिवसांच्या आत कळवावी लागते, नाहीतर भरपाईचा हक्क जाऊ शकतो; काम हंगामी आहे म्हणून हक्क हंगामी होत नाही. तेव्हा पुढच्या शिफ्टला मेकअपच्या खुर्चीत बसायच्या आधी लीडला सांगा आणि लेखी नोंद करून घ्या. फटक्याचीही आणि गुडघ्याचीही. तारीख, वेळ, कुठली खोली, कोणी पाहिलं. जबडा किंवा कान अजून दुखत असेल तर डॉक्टरांकडे जा, पण आधी मालकाला कळवून, कारण कुठल्या डॉक्टरांकडे जायचं हे तिथे बहुतेक वेळा विमा कंपनी ठरवते.

उभं कसं राहायचं, याचाही विचार करा. तुम्ही लिहिता की झडप उघडली की तुम्ही ‘थेट तोंडासमोर’ येता. रंगमंचावर ही सवय उपयोगी, इथे धोक्याची. माणसाचा हात जिथपर्यंत पोचतो त्याच्या बाहेर राहायचं, समोरून न येता बाजूने किंवा खालून यायचं, आणि आलात तशा लगेच मागे व्हायचं. जुनी मंडळी आणखी एक गोष्ट शिकवतात : घोळका पुढे पळेल असं घाबरवा, मागे पळेल असं नाही. म्हणजे मागच्या माणसांवर कोणी आपटत नाही आणि रांगही तुंबत नाही. भीती थोडी तिरकी आली की तोंडावर फटका बसायचा संभवही उतरतो.

आता आवाज. तुम्ही रोज रात्री घशातून किंचाळताय हे पत्र वाचतानाच ऐकू येत होतं. तुम्ही प्रयोग केलेत, तुम्हाला कोणी सांगायला नको : पोटातून श्वास घेऊन फेकलेला आवाज वेगळा आणि घसा आवळून काढलेली किंकाळी वेगळी. एकांकिकेत अशी किंकाळी एकदा असते, इथे तासाला तीनशे वेळा. कुठलाही गळा हे सहन करणार नाही. पुष्कळ भुताटकीच्या घरांमध्ये नटाच्या हाताशी किंवा पायाशी एक बटण असतं, ते दाबलं की आवाज आणि प्रकाश यंत्रातून येतो. तुमच्या जागेवर ते नसेल तर असलेली जागा मागा. झडपेचा आदळण्याचा आवाज तुमच्या तोंडापेक्षा मोठा आहे, त्याला काम करू द्या. आणि गप्प उभं राहून बघा एकदा. मान किंचित वाकडी, नजर एकाच माणसावर, बस. घसा बसलाय म्हणून कुजबुजत बोलू नका, त्यानेही ताण पडतो. धुराच्या यंत्रांमुळे घसा कोरडा पडतो, तेव्हा प्रत्येक ब्रेकला पाणी. घोगरेपणा तीन आठवड्यांहून जास्त टिकला तर तो हंगामाचा भाग समजू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

कानांचंही बघा. आठ तासांच्या कामाला ८५ डेसिबल ही अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या सरकारी संस्थेने सुचवलेली मर्यादा आहे, आणि आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्म्यावर येते. म्हणजे ९४ डेसिबलला एकच तास. स्पीकरशेजारी उभ्या असाल तर फोमचे इअरप्लग घाला; मेकअपखाली कोणाला दिसत नाहीत.

गुडघ्याला पॅड मागा. धुक्यातून पळत येऊन गुडघ्यांवर घसरत जाणारे जे भुतं-पिशाच्च लोक असतात, त्यांच्यासाठीच पॅड असतात असं काही नाही. रात्रभर एकाच पायावर झेपावणाऱ्या बाईलाही ते लागतात. आणि जमेल तेव्हा झडपेची बाजू बदला.

हे सगळं आधी लिहिलं, कारण ‘सोडू का’ या प्रश्नाचं उत्तर मला तरी इथेच दिसतं. पण तुम्ही विचारलंय दुसरंच, की हा अभिनय आहे का.

तुम्ही सांगलीच्या आहात म्हणून सांगते. १८४३ साली तुमच्या गावात विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभं केलं आणि तिथून मराठी नाटकाची सुरुवात आपण मोजतो. त्या वळणाच्या पौराणिक नाटकांमध्ये प्रेक्षक कशाची वाट बघत? राक्षसाच्या प्रवेशाची. राळेचा भपका उडायचा, तलवार फिरायची, आणि ‘अललडुर्र’ अशी आरोळी ठोकत राक्षस यायचा. पुढे शिकलेल्या लोकांनी नाक मुरडून त्या नाटकांना ‘अललडुर्र नाटकं’ असंच नाव पाडलं. तुमच्या नवऱ्याचं वाक्य त्याच घराण्यातलं आहे. राळेच्या जागी धुराचं यंत्र आलं आणि सांगलीच्या जागी फ्लोरिडा, एवढाच फरक.

आणि शास्त्राचा आधार हवा असेल तर भरताने ‘नाट्यशास्त्रा’त भयानकाला आठ रसांत जागा दिलीच आहे. त्याचे अनुभाव, म्हणजे तो रस बाहेर दाखवणाऱ्या खुणा, वाचा : हातापायांचा थरकाप, भिरभिरणारे डोळे, अंगावर काटा, चेहऱ्याचा उडालेला रंग, बदललेला आवाज. गंमत बघा, नाटकात हे सगळं नटाने करून दाखवायचं असतं. तुमच्या भुताटकीच्या घरात ते सगळं प्रेक्षक करतो. तुम्ही फक्त कारण पुरवता. मला तरी हे काम सोपं वाटत नाही. सात जणांचा घोळका येतोय, पुढचा छाती काढून चाललाय, मधली मुलगी त्याच्या शर्टाला धरून आहे, मागचा फोन बघतोय. यातलं कोणाला गाठायचं आणि कितव्या पावलाला, हे ठरवायला तुम्हाला दोन सेकंद असतात. लगेच पुढचा घोळका. टायमिंगचा एवढा रियाज आपल्या कुठल्या तालमीत होतो?

पण याला फार सोनेरी मुलामाही देऊ नका. शेवटी हे तासाच्या पगारावरचं हंगामी काम आहे. त्यात भूमिका वाढत नाही, वाक्य नाही, आणि यातून पुढे काही मिळेलच असं कोणी सांगत असेल तर ऐकून सोडून द्या. कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्म या पार्कने १९७३ मध्ये तीन रात्री हा खेळ करून पाहिला, युनिव्हर्सलने ऑरलँडोत १९९१ मध्ये तीनच रात्रींनी सुरुवात केली; २०२४ साली तिथे ४८ रात्री झाल्या. धंदा म्हणून हा प्रकार किती मोठा झालाय ते यावरून कळतं. तुम्हाला त्यात किती मोठं होता येईल, ते कळत नाही. ‘अभिनय आहे का’ याचं माझं उत्तर हो असं आहे. ‘हाच माझा मार्ग का’ हा प्रश्न वेगळा, आणि तो या ऑक्टोबरमध्ये सोडवायची गरज नाही.

अपराधीपणाचं बोलू. आरहूस विद्यापीठाच्या संशोधकांनी डेन्मार्कमधल्या अशाच एका भुताटकीच्या घरात ११० जणांना हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं लावून आत सोडलं होतं. २०२० मध्ये त्यांचा निबंध आला. भीती फारच कमी असली तर लोकांना मजा येत नाही, फार झाली तरी येत नाही. मधे कुठेतरी एक जागा असते तिथे मजा सगळ्यात जास्त. म्हणजे लोकांच्या किंकाळ्या ऐकून तुम्हाला येणारी मजा आणि त्यांना येणारी मजा बहुतेक वेळा एकच असते. पैसे भरून, तासभर रांगेत उभं राहून ते त्यासाठीच आलेत. (मी त्यातली नाही. मला घेऊन गेलात तर मी बाहेर सगळ्यांच्या पर्सा सांभाळत बसेन.)

तरी तुम्ही लिहिलंय की एक मुलगी खाली बसून रडायला लागली आणि तुम्ही पुन्हा झडप उघडलीत, कारण ‘थांबायचं की नाही कळेना’. थांबायचं. जो मजेची जागा ओलांडून गेलाय त्याला सोडून द्यायचं, झडप बंद ठेवायची, पुढच्या नटाला खूण करता आली तर करायची. तुमचा अपराधीपणा कामाबद्दल नसून त्या एका मुलीबद्दल असावा असा माझा अंदाज आहे. तसं असेल तर त्यावर इलाज आहे, आणि तो तुमच्याच हातात आहे.

आता घर. एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? हॉटेलातली रात्रपाळी सासूबाईंना चालते. म्हणजे सुनेने रात्री बाहेर राहून काम करणं त्यांना चालतंय. सहा वर्षांची नात बापाजवळ झोपते, तेही चालतंय. उरलं काय, तर भुताचा मेकअप. त्याला त्या काय म्हणतील हे तुम्ही त्यांच्या वतीने स्वतःच लिहून टाकलंय, ‘पितरांच्या दिवसांत असले धंदे’ वगैरे. त्यांनी तसं म्हटलेलं नाही. म्हणतीलही कदाचित. पण म्हणायची संधी तर द्या. आणि म्हटल्या तर त्यांना हॅलोविनचं मूळ मृतांच्या स्मरणात आहे, दुसरा दिवस सर्व संतांचा, तिसरा सर्व मृतांचा, असलं व्याख्यान देऊ नका. खरं असलं तरी जेवणाच्या टेबलावर व्याख्यानाने कोणाचं मन बदलत नाही.

सांगायचं ते त्यांच्या विमानाच्या आधी, फोनवर, आणि नवऱ्याने. आई-वडील त्याचे आहेत. रात्री तीनला घरात शिरणाऱ्या सुनेच्या कानामागे लाल रंग बघून त्यांना कळलं, तर त्यांना भुताचं काही वाटणार नाही, खोटं बोलल्याचं वाटेल. दोन वाक्यं पुरतात : ‘हॉटेलचं सांगितलं होतं ते खरं नव्हतं. ती इथल्या पार्कमध्ये नाटकासारखं काम करते, राक्षसिणीचं.’ तुमच्या मंडळातली निम्मी पोरं ३१ ऑक्टोबरला सांगाडे आणि चेटकिणी होऊन दारोदार चॉकलेटं गोळा करतात, त्यांच्या आया त्यांचे फोटो सांगलीला पाठवतातच की.

नवऱ्याशी मात्र वेगळं बोलावं लागेल. ‘यासाठी नाटकं केली होतीस का’ हे वाक्य मला अर्धवट वाटतं. रात्री अडीचला हायवेवर एकटी गाडी चालवत येणारी बायको आणि घरी जागा राहिलेला नवरा, हे चित्र त्यात कुठेच नाही. त्याला विचारा, तुला लाज वाटते की काळजी? काळजी असेल तर ती रास्त आहे आणि तिच्यावर उपाय आहेत. त्याच बाजूला राहणाऱ्या सहकाऱ्याबरोबर एका गाडीत या, डोळे मिटायला लागले तर पार्किंगमध्येच वीस मिनिटं झोपून मग निघा, निघताना मेसेज करा. लाज असेल तर एका रात्री त्याचं तिकीट काढा आणि त्याला तुमच्या भुताटकीच्या घरातून चालत जाऊ दे. तुमच्या झडपेसमोर तो किती दचकतो ते बघायला मलाही आवडेल.

मुलीने शाळेत ‘माझी आई रात्री भूत होते’ असं सांगितलं म्हणून तुम्ही हादरलात. तिला तयार चेहरा दाखवू नका. सुट्टीच्या दिवशी, भर उजेडात, तिला शेजारी बसवून एकेक थर लावा, ओठाखालचं रक्त तिला लावू द्या, आणि मग तिच्याच हाताने पुसायला सांगा. मुखवट्याच्या आत आई कुठे जाते हे तिला एकदा दिसलं की शाळेतलं वाक्य ‘माझ्या आईला भूत बनवता येतं’ असं होईल.

मंडळाला नाही म्हणा. यावर मी जास्त शब्द खर्च करणार नाही. प्रेक्षकांतल्या निम्म्यांचं लक्ष जेवणाच्या रांगेकडे असताना, तीन तालमींत बसवलेली एकांकिका फुकट केली की ती कला, आणि पगार घेऊन चार रात्री उभं राहिलं की तो पोटासाठीचा धंदा, हे गणित मला कधी कळलेलं नाही. त्यांना सांगा की ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन असतो, तेव्हा हंगाम संपलेला असेल आणि तुमचा आवाज परत आलेला असेल. ‘त्यानंतरच्या शनिवारी प्रयोग ठेवा, तालमी मी घेते,’ असं म्हणा. थांबले तर उत्तम. नाही थांबले तर दुसरा दिग्दर्शक मिळेल.

तर, सोडू की पुरं करू? माझं मत : पुरं करा, पण लीडशी बोलून. जागा किंवा बाजू बदलून मिळाली, फटक्याची नोंद झाली, आवाजाशिवाय काम करू दिलं, तर उरलेले तीन आठवडे तुम्हाला आवडतील असं पत्रावरून वाटतं. किंकाळीच्या मजेबद्दलच्या ओळी त्यात सगळ्यात जिवंत आहेत. बोलूनही काही बदललं नाही, किंवा आठवडाभरात आवाज परत आला नाही, तर रीतसर कळवून सोडा. हंगामी कामातून माणसं मधेच जातात, पार्क त्यासाठी राखीव नट ठेवतातच.

या निमित्ताने आणखी दोघांसाठी लिहिते, कारण असली पत्रं दर सप्टेंबरला येतात. तुम्ही विद्यार्थी असाल, एफ-१ व्हिसावर, तर हे काम आकर्षक दिसलं तरी परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर काम करता येत नाही, आणि अभ्यासक्रमाशी जोडलेल्या परवानगीत भुताचं काम बसवणं अवघड आहे. ‘पगार न घेता करतो’ हीही पळवाट नाही. आधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारा. पत्रलेखिकेला चालतं, कारण तिच्याकडे स्वतःचा परवाना आहे. त्याची मुदत मात्र तिनेही तपासावी.

आणि जे मोठ्या पार्कऐवजी एखाद्या गोदामातल्या किंवा शेतावरच्या छोट्या भुताटकीत काम करणार आहेत, त्यांनी पहिल्या दिवशी दिवे लावून सगळी वाट चालून बघा. ११ मे १९८४ रोजी न्यू जर्सीतल्या एका पार्कच्या ‘हॉन्टेड कॅसल’ला आग लागून आठ किशोरवयीन मुलं गेली, आत पाण्याचे फवारे नव्हते. त्यानंतर अशा घरांचे नियम कडक झाले. तरी तुमच्या कोपऱ्यापासून बाहेरचं दार कुठे, ते अंधारात हाताने सापडतं का, दिवे लावायचं बटण कोणाकडे आहे, हे स्वतः विचारून घ्या. उत्तर देताना मालक चाचरला तर तिथे काम घेऊ नका.